शब्बाथच्या घरासाठी स्लो कुकर: डिजिटल नको, नॉबवालाच घ्या

घरात शब्बाथ, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळत असाल आणि आठवडाभर नोकरीही करत असाल, तर स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, जरूर घ्या. साडेतीन लिटरचा, आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण आणि पुढे फिरवायचा एक नॉब, एवढंच असलेला. मला तो साडेतीन हजारांच्या आत पडला. दोनेक वर्षं वापरतेय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकारचे कुकर सगळे जवळपास एकाच घडणीचे असतात आणि कुठला घ्यायचा हे नावावरून ठरवू नये असं माझं मत आहे. कशावरून ठरवायचं ते खाली सविस्तर लिहिते.

आधी आमच्या घराची परिस्थिती सांगते, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला लागू पडतं का ते कळेल. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू, पुण्यात रास्ता पेठेत राहतो. घरात मी, नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. मी खराडीत हिशेबाचं काम करते. शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे लागले पाहिजेत आणि त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, गॅस लावायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. पुण्यात जूनच्या शेवटी सूर्य सव्वासातला मावळतो, तेव्हा धावपळ जमून जाते. पण नोव्हेंबर-डिसेंबरात तो सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे पावणेसहाच्या आत दिवे. ऑफिसमधून चारला निघायचं, रिक्षाने रामवाडी, तिथून मेट्रोने पुणे स्टेशन आणि मग घर. गणपतीच्या दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात तेव्हा आणखी लवकर. मी दारात पाऊल टाकते तेव्हा दिवे लावायला जेमतेम अर्धा-पाऊण तास उरलेला असतो. त्या वेळेत आंघोळ, मुलीची वेणी, पांढरी चादर, दिव्यांत खोबरेल तेल आणि हल्ला, म्हणजे शब्बाथचा पाव, झाकून ठेवणं एवढंच होतं. त्यात स्वयंपाक बसवणं मला जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही. घामाघूम होऊन दिव्यापुढे उभं राहणं मला आवडत नाही.

शुक्रवार रात्रीचं जेवण तसं अवघड नाही. ते गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी होतं आणि संध्याकाळी गरम करून वाढता येतं. खरी अडचण शनिवार दुपारची. प्रार्थनेहून परत यायचं आणि थंड भात, थंड आमटी पुढ्यात घ्यायची, हे सासूबाईंना आता सोसत नाही. पूर्वी आम्ही गॅसवर जाड पत्रा टाकायचो, ज्योत अगदी बारीक करायची, पत्र्यावर पातेलं ठेवायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. पद्धत रीतसर आहे, पुष्कळ घरांत आजही चालते. पण खिडकीतून वारा आला की ज्योत विझेल, ही धास्ती मला रात्रभर असायची. बंद घरात गॅस सुटला तर काय, या विचाराने मध्यरात्री उठून स्वयंपाकघरात जाऊन वास घेतलेला आहे. कुकर आल्यापासून शुक्रवारी रात्री मी झोपते. पाच तारे द्यायला मला एवढं कारण पुरेसं आहे.

आता नॉबचं. बाजारात डिजिटल स्लो कुकर मिळतात, दिसायला छान असतात, तासांची वेळ लावता येते. शब्बाथसाठी ते घेऊ नका. वीज पाच मिनिटं गेली आणि परत आली, तर त्यातले बरेचसे आपणहून पुन्हा सुरू होत नाहीत, कोणीतरी बटण दाबावं लागतं. आणि शब्बाथला ते बटण आपण दाबणार नाही. शिवाय ठरावीक तास झाले की ते स्वतःच नुसत्या ऊब ठेवण्याच्या पायरीवर जातात किंवा बंद होतात. माझ्या नणंदेकडे ठाण्याला असंच झालं. रात्री केव्हातरी वीज गेली, सकाळी कुकर गार, आत मटण, आणि सगळं टाकून द्यावं लागलं. नॉबवाल्याला हे काही कळत नाही. तो ‘लो’वर फिरवला की ‘लो’वरच राहतो. वीज गेली की थांबतो, आली की जिथे होता तिथून पुन्हा तापायला लागतो. जड भांडं असल्याने मधला थोडा वेळ तो अंगची ऊब धरून ठेवतो. वीज कित्येक तास गेली तर मात्र आतलं मटण खाऊ नये, मग कुकर कुठलाही असो. आमच्याकडे तो इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावलेला असतो. खालच्या पाटीवर 200 वॉट लिहिलंय, त्यामुळे इन्व्हर्टरला जड जात नाही. विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: पूर्ण 24 तास 200 वॉटने धरलं तरी 4.8 युनिट होतात, त्याहून जास्त जाणं शक्यच नाही.

टायमरच्या बाबतीत मात्र माझा सल्ला नेमका उलटा आहे. बैठकीतला दिवा रात्री बंद व्हावा आणि शनिवारी संध्याकाळी लागावा म्हणून आम्ही तपकीर गल्लीतून टायमर आणले. आधी आणला तो चाकाचा, ज्याच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असतात. स्वस्त आणि मजबूत. पण वीज गेली की त्याचं चाकही थांबतं, आणि तेवढा वेळ तो कायमचा मागे पडतो. पुण्यात देखभालीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, म्हणजे नेमका आदल्या दिवशी तो मागे पडलेला असतो आणि शुक्रवारच्या गडबडीत बघायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या, वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. कुकर मात्र टायमरवर लावू नका. कच्चं किंवा कोमट मटण भांड्यात तासन्‌तास पडून राहणं पोटाला धोक्याचं आहे.

गुरुवारचा विषय निघालाच आहे तर सांगते, या शहरात शब्बाथची तयारी खरी बुधवारी सुरू करावी लागते. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वारसुद्धा बहुतेक गुरुवारच. आता मटण किंवा कोंबडी शास्त्राप्रमाणे करायची म्हणजे अर्धा तास पाण्यात भिजवायची, तासभर जाड मीठ लावून उतरत्या ताटात निथळत ठेवायची आणि मग तीन पाण्यांनी धुवायची. पाणी लागतंच, आणि भरपूर लागतं. म्हणून आमच्याकडे हे काम बुधवारी रात्री उरकतं आणि मटण फ्रीजमध्ये जातं. गुरुवारी सकाळी धान्य भिजत घालायचं, ऑफिसहून येताना भाजी. रात्री किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या आशीर्वादाच्या, सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालायच्या. सकाळी त्या हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. हे काम मुलीकडे आहे आणि ती ते दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

कुकरमध्ये काय घालावं याचा आमच्या घरात बराच खल झाला, कारण आम्हा बेने इस्राएलींकडे रात्रभर शिजणाऱ्या हमीनची परंपरा नाही. ती बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यू मंडळींची. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे 1867 मधलं सिनेगॉग, ज्यांनी बांधलं त्या डेव्हिड ससून यांच्या लोकांची. त्यांच्याकडे तबीत करतात, कोंबडीच्या पोटात तांदूळ भरून ती भाताबरोबर रात्रभर मंद आचेवर ठेवायची. मी ते या कुकरमध्ये करून पाहिलं. भात मऊ होतो, पण कडेला जी तांबूस खरपूड धरते तिच्यावर घरात भांडण होतं. पाणी मात्र गॅसवर घालतो त्याहून निम्म्याने कमी घाला. या झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जात नाही.

आमचा नेहमीचा प्रकार वेगळा आहे. तळाला सालासकट जाड फोडी केलेले बटाटे, कारण तळाचा थर शनिवारपर्यंत कडक होतो आणि ते बटाट्यांनाच शोभतं. त्यावर भिजवलेले हरभरे, खपली गहू आणि मूठभर अख्खे मसूर. त्यांच्याबरोबरच हाडासकट मटण, कांदा-सुक्या खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात परतलेलं. सगळ्यात वर कवचासकट अंडी, नीट धुऊन. ती रात्रभरात आतून बदामी रंगाची होतात आणि शनिवारी आधी कोण सोलणार यावर पैज लागते. पाणी उकळतं घालायचं, धान्याच्या वर बोटभर.

आपल्या मसाल्यांचं या भांड्यात काय होतं, ते कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. नारळाचं दूध घालू नका. आमचं सगळं खाणं नारळाच्या दुधावर उभं आहे, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. पण इतके तास ते टिकत नाही, फाटतं आणि वर तेलाचा तवंग येतो. त्याऐवजी सुकं खोबरं खरपूस भाजून वाटणात घ्या. लवंग आणि दालचिनी नेहमीच्या निम्मी, रात्रभरात ती उग्र होते. हिरव्या मिरच्या-कोथिंबिरीच्या वाटणाचा ताजेपणा पार निघून जातो, तेव्हा तो मसाला शुक्रवार रात्रीच्या जेवणासाठी ठेवा. बिरड्याचे वाल अजिबात नकोत, इतक्या कष्टाने सोललेले वाल गरगट होऊन नाहीसे होतात. आणि राजमा घालणार असाल तर हे नक्की वाचा. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि स्लो कुकरची मंद उष्णता त्याला पुरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, गॅसवर निदान 10 मिनिटं चांगला उकळवा आणि मगच भांड्यात टाका.

वेळेचं गणित असं. मी गुरुवारी रात्री मटण परतून धान्याबरोबर प्रेशर कुकरला अर्धवट शिजवते आणि स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते. मातीचं भांडं फ्रीजमध्ये ठेवू नका. गार भांडं तापल्या कुकरात बसवलं तर तडा जातो. शुक्रवारी दुपारी सासूबाई डब्यातलं गॅसवर एकदा उकळून कुकरमध्ये बटाट्यांवर ओततात, वर अंडी ठेवतात, एकच्या सुमारास ‘हाय’वर लावतात आणि पाचला ‘लो’वर आणतात. दिवे लागायच्या आत सगळं पुरतं शिजलेलं असतं. शब्बाथच्या नियमाच्या दृष्टीनेही हेच सोयीचं, कारण आधीच शिजलेलं अन्न गरम राहतंय, नव्याने काही शिजत नाही. ‘वॉर्म’ ही तिसरी खूण मी वापरत नाही, इतक्या तासांसाठी माझा तिच्यावर भरवसा नाही.

नियमांबद्दल आणखी थोडं, कारण हा कुकर शब्बाथला चालतो का, असं मला वारंवार विचारतात. चालतो, पण काही गोष्टी कराव्या लागतात. एक अडचण अशी की या कुकरचं आतलं भांडं चहूबाजूंनी तापत्या भिंतीत बसतं, आणि उष्णता वाढवणाऱ्या वस्तूत अन्न गुंडाळून ठेवायला शब्बाथसाठी मनाई आहे, आदल्या दिवशी ठेवलं तरीही. त्यावर बऱ्याच घरांत चालणारा उपाय म्हणजे अॅल्युमिनियम फॉइलचे घट्ट गोळे करून ते आतल्या भांड्याखाली ठेवायचे, म्हणजे भांडं जरा वर उचललं जातं आणि कडेला फट राहते. आम्ही तसंच करतो, शिवाय नॉबवरही फॉइल गुंडाळतो, म्हणजे चुकून हात लागून फिरणार नाही. शनिवारी वाढताना डाव आत घालून ढवळायचं नाही. आतलं भांडं उचलून टेबलावर आणायचं, तिथून वाढायचं आणि परत कुकरात ठेवायचं नाही. वरून पाणी घालण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, आम्ही घालत नाही. तुमचे हजान (प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बी (धर्मगुरू) वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

हे उचलण्याचं काम मात्र सोपं नाही, आणि माझी मोठी तक्रार तीच आहे. भरलेलं भांडं चांगलंच जड होतं, त्याचे कान आखूड असतात आणि ते तापलेले असतात. सांडशीचा उपयोग नाही, दोन्ही हातांत जाड हातमोजे हवेत. सासूबाईंना ते उचलवत नाही, त्यांनी उचलूही नये. घरात फक्त वयस्कर माणसं असतील तर दीड लिटरचा लहान कुकर घ्या. दुसरी तक्रार अशी की आतलं भांडं फुटलं तर ते सुटं मिळत नाही. मी माझ्या कंपनीच्या सेवा केंद्रात आधीच चौकशी करून ठेवली, उत्तर सरळ नाही असं आलं. म्हणून ते धुताना मी स्वतः धुते आणि गरम असताना कधीच पाण्याखाली धरत नाही. नॉबभोवतीच्या खाचेत मसाला अडकतो, तो दात घासायच्या जुन्या ब्रशने निघतो.

विकत घेण्याआधी आणखी एक ठरवून टाका. भांडं मातीचं आहे. एकदा त्यात मटण शिजलं की ते कायमचं मांसाचं, धातूच्या भांड्यासारखं उकळत्या पाण्याने शुद्ध करून दुधासाठी वापरता येत नाही. बासुंदी-खीर करू, असा विचार मनात असेल तर तो सोडा, किंवा भांडं फक्त शाकाहारी पदार्थांसाठी राखा. पुण्यात कोशेर, म्हणजे आमच्या धर्मनियमांप्रमाणे कापलेलं, मांस हवं तेव्हा मिळत नाही, त्यामुळे काही आठवडे आमचाही कुकर नुसत्या धान्यांचा असतो. मटण नसलं की मी सुरण आणि रताळी घालते. नवरा म्हणतो तेच जास्त चांगलं लागतं. मला पटत नाही, पण ताट तो चाटूनपुसून साफ करतो हे खरं.

चहाचं राहिलंच. पुणेकराला शनिवारी सकाळी चहा लागतो आणि कुकर चहा देत नाही. आम्ही शुक्रवारी कडक कोरा अर्क करून बाटलीत ठेवतो आणि उकळतं पाणी दोन लिटरच्या स्टीलच्या थर्मासमध्ये. सकाळी थर्मासमधून एका कपात पाणी, त्या कपातून दुसऱ्या कपात, म्हणजे ते जरा निवतं आणि नव्याने काही शिजत नाही, आणि त्यात अर्क, साखर. मटणाच्या जेवणानंतर दुधाचा चहा नाही, पण सकाळच्या कपाला चालतो. दूध आधीच उकळून ठेवलेलं असतं. थर्मास घेताना तोटीचा नको, साध्या फिरकीच्या झाकणाचा घ्या. तोटीवाला आमचा सकाळपर्यंत कोमट व्हायचा.

कुकर आला त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, एवढ्याशा आचेवर मटण शिजतं का कुठे?’’ त्यांच्या माहेरी अलिबागकडे शुक्रवारी संध्याकाळी चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढून पातेलं ठेवायचे, ते त्यांना आठवतं. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून. तेव्हा शुक्रवारी दुपारीच घाणा थांबवता यायचा, माझं ऑफिस थांबत नाही. शनिवारी देवळातून चालत आलो, जिन्यातच भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला, आणि पहिल्या घासाला हाड आपोआप सुटलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आता शुक्रवारी एक वाजला की त्या मला ऑफिसात फोन करतात, ‘‘लावलाय गं, तू सावकाश ये.’’

घ्यायचाच असेल तर मोसमाचा विचार करून घ्या. दिवस लहान व्हायच्या आत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आणि पहिला प्रयोग शब्बाथला करू नका. मधल्या एखाद्या रविवारी नुसते हरभरे-बटाटे लावून बघा, तुमच्या कुकरचं ‘लो’ किती तापतं, पाणी किती आटतं ते कळेल. माझ्या ओळखीतल्या एकीच्या कुकरचं ‘लो’ माझ्यापेक्षा बरंच कडक आहे, तिला दोन वाट्या पाणी जास्त लागतं.